महाविद्यालयीन विद्यार्थी आणि अमली पदार्थ : प्रस्तावना

बारावीचा निकाल लागल्यापासून पदवी हाती येईपर्यंतची चार-पाच वर्षे अमली पदार्थांच्या दृष्टीने आयुष्यातील सर्वांत जोखमीची असतात. घरची देखरेख याच काळात पहिल्यांदा सुटते, हातात थोडा पैसा खेळू लागतो, आणि आई-वडिलांच्या मतापेक्षा मित्रांचे मत मोठे वाटू लागते. याला शरीराचेही कारण आहे. परिणामांचा विचार करणारा आणि मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, तर सुखाची आणि नवलाईची ओढ त्याआधीच पूर्ण जोमात आलेली असते. म्हणून पंचेचाळिशीत सुरू झालेली सवय आणि अठराव्या वर्षी लागलेली सवय यांत फरक पडतो. लहान वयात सुरुवात झाली की पदार्थ लवकर जडतो आणि सुटायला अधिक त्रास होतो. गांजा ओढून पाहणाऱ्या दहांतील सुमारे एकाला त्याचे व्यसन लागते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक इतके असल्याचे मानले जाते.

कोल्हापूर हे विद्यार्थ्यांचे शहर आहे. राजाराम महाविद्यालय १८८० पासून येथे आहे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा आदी जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणाचे केंद्र येथे आले. पुढे अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहिली, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका निघाल्या. आजरा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडीतून, कोकणातून आणि सीमाभागातून मुले-मुली येथे येतात. काही वसतिगृहात राहतात, बरीच कॉट बेसिसवर खोली घेतात आणि मेसला जेवतात. गावाकडून एसटीने येणारा जेवणाचा डबा हा कित्येकांचा घराशी रोजचा धागा असतो. कॉलेज सुटल्यापासून झोपेपर्यंत हा विद्यार्थी कुठे असतो, कुणाबरोबर असतो आणि त्याची विचारपूस कोण करते, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे बरेच काही ठरते. व्यसनाची सुरुवात बहुधा याच बेवारस तासांत होते.

या परिसरात विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारे पदार्थ ढोबळमानाने सहा प्रकारचे आहेत. पहिला तंबाखू. मावा, गुटखा आणि सिगारेट यांना घरोघरी व्यसन म्हणून गणलेच जात नाही, आणि त्यांचा धोका नेमका येथेच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले, आणि त्यांत चघळण्याच्या तंबाखूचा वाटा फार मोठा होता. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. ही अट किती पाळली जाते, हे कोणत्याही कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहिले तरी दिसू शकते. तंबाखू खाणारा प्रत्येक जण पुढे गांजाकडे वळत नाही. परंतु गांजाकडे वळणाऱ्यांत तंबाखूपासून सुरुवात केलेले पुष्कळ असतात, कारण चोरून घेण्याची, वाटून घेण्याची आणि ते घरापासून लपवण्याची पहिली शिकवणी तेथे होते.

दुसरा पदार्थ दारू. सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्स यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी भारतीय दारू पितात. महाराष्ट्रात बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. म्हणजे पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना दारू विकणे बेकायदा ठरते. तरीही वाढदिवस, निरोप समारंभ, सहल आणि परीक्षेनंतरची ‘पार्टी’ या निमित्तांनी ती हातात येते. शेजारच्या गोव्यातून कमी करामुळे स्वस्त पडणारी दारू चोरट्या मार्गाने कोल्हापूर जिल्ह्यात उतरते, आणि तिच्यावरील कारवायांच्या बातम्या नेहमी येतात.

तिसरा पदार्थ गांजा. वर उल्लेखलेल्या पाहणीत भांग, गांजा व चरस मिळून २.८ टक्के लोक घेत असल्याचे आढळले. गांजा वनस्पतीपासून मिळतो म्हणून निरुपद्रवी, हा विद्यार्थ्यांमधला सर्वांत पक्का गैरसमज आहे. स्मरणशक्ती आणि एकाग्रता मंदावणे, अभ्यासातले मन उडणे हे त्याचे रोजचे परिणाम. ज्यांच्या घराण्यात गंभीर मनोविकार आहे अशा तरुणांना भास आणि संशयाचे झटके येऊन कायमचा आजार मागे लागण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

चौथा प्रकार औषधांचा. कोडीनयुक्त खोकल्याची सिरपे, अल्प्राझोलाम आणि नायट्राझेपामसारख्या झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण एक बेफिकीर दुकानदार सापडला की त्या सहज मिळतात. वास येत नाही, बाटली दिसत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. दारूबरोबर या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

पाचवा प्रकार या भागात विशेष काळजीचा आहे. मेफेनटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार उतरला तर तो वाढवण्यासाठी द्यायचे इंजेक्शन. ताकद येते, दम टिकतो, व्यायाम जास्त होतो, या समजुतीने काही जिममध्ये ते टोचून घेतले जाऊ लागले, आणि पुढे निव्वळ नशेसाठी त्याची चोरटी विक्री सुरू झाली. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अशा इंजेक्शनांचे साठे पोलिसांनी पकडले आहेत. याने छातीची धडधड वाढते, रक्तदाब भडकतो, झोप उडते, संशय आणि आक्रमकपणा वाढतो. एकाच सुईने दोघा-तिघांनी टोचून घेतले तर एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात. कुस्तीच्या आणि सैन्यभरतीच्या तयारीत रमलेल्या मुलांच्या या जिल्ह्यात शरीर कमावण्याच्या हौसेतून शरीर पोखरणारा पदार्थ शिरावा, ही गंभीर बाब आहे. खेळांमध्येही तो प्रतिबंधित उत्तेजकांच्या यादीत आहे.

सहावा आणि सर्वांत वेगाने पसरलेला पदार्थ मेफेड्रोन, म्हणजेच बोलीतला ‘एमडी’. हे पूर्णपणे प्रयोगशाळेतले रसायन आहे. त्याला शेत लागत नाही, हंगाम लागत नाही. थोडी रसायने, काचेची उपकरणे आणि आडोसा पुरतो. तो घेतल्यावर काही काळ उत्साह आणि आत्मविश्वास उसळतो. उतरताना खिन्नता, चिडचिड आणि पुन्हा घेण्याची अनावर ओढ येते, म्हणून एका बैठकीत पुन्हा पुन्हा घेतले जाते. परीक्षेआधी रात्र-रात्र जागता येईल असे सांगून तो विद्यार्थ्यांना दिला जातो. जागरण होते, अभ्यास मात्र होत नाही. भारतात हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत २०१५ मध्ये आला. दोन ग्रॅमपर्यंतचा साठा अल्प आणि पन्नास ग्रॅमच्या वरचा व्यापारी प्रमाणाचा मानला जातो.

एमडी दूरच्या महानगरातून येतो हा समज अलीकडच्या काही घटनांनी खोडून काढला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे मेफेड्रोन तयार करणारा कारखाना उद्ध्वस्त केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील उत्पादन उघडकीस आणले आणि त्याच तपासात सांगलीजवळच्या कुपवाडमधून मोठा साठा हाती लागला. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे मुंबई पोलिसांनी आणखी एक कारखाना पकडला. निर्जन फार्महाऊस, ओसाड शेड, बंद पडलेले औद्योगिक गाळे आणि पुणे-बंगळूर महामार्ग, या सगळ्यांची सोय या धंद्याला झाली. मोठे कारखाने पकडले जाणे आवश्यकच आहे. तरीही विद्यार्थ्याच्या हातात पुडी देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी गुन्हेगार नसतो. तो वर्गातला, खोलीवरचा किंवा एक-दोन वर्षे पुढचा मुलगा असतो. स्वतःचा खर्च भागवण्यासाठी तो इतरांना ‘माल’ आणून देऊ लागतो, आणि स्वतःलाही न कळत सेवन करणाऱ्याचा विक्रेता होतो. पुरवठ्याच्या साखळीची ही शेवटची कडी केवळ पोलिसांच्या छाप्यांनी तुटत नाही.

विद्यार्थी या वाटेला का लागतात, याचे एकच एक कारण नाही. कुतूहल असते, मित्रांत वेगळे पडण्याची भीती असते. इंग्रजी माध्यमाच्या पहिल्या वर्षात खेड्यातून आलेल्या हुशार मुलाचा आत्मविश्वास ढासळतो. गावात पहिला आलेला मुलगा येथे दोन विषयांत नापास होतो आणि घरी सांगू शकत नाही. स्पर्धा परीक्षांच्या मागे तीन-चार वर्षे घालवलेल्यांना वय आणि घरच्यांच्या अपेक्षा एकदमच भिडतात. प्रेमभंग, एकटेपणा, घरातील भांडणे, वडिलांची दारू ही कारणेही वारंवार दिसतात. कित्येकांच्या बाबतीत आधी नैराश्य किंवा चिंतेचा आजार असतो आणि नशा हा त्यावर त्यांनी स्वतःच शोधलेला उपाय असतो. मुलींमधील सेवनाची चर्चा फारशी होत नाही. बदनामीच्या भीतीने ते अधिक लपवले जाते आणि मदत अधिक उशिरा मागितली जाते.

एकदा चव घेतलेला प्रत्येक जण व्यसनी होत नाही, हे सत्य आहे. हेच सत्य प्रत्येकाला ‘मला काही होणार नाही’ असा खोटा धीरही देते. प्रयोग, अधूनमधून सेवन, नियमित सेवन आणि अवलंबन अशा पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीवर पदार्थ सुखासाठी घेतला जात नाही, न घेतल्याचा त्रास टाळण्यासाठी घेतला जातो. तोवर काही खुणा दिसू लागलेल्या असतात. हजेरी घटते, जुने मित्र तुटून नवेच कोंडाळे जमते, झोपेच्या वेळा उलट्या होतात, वजन उतरते, पैशांची मागणी वाढते, मोबाइल किंवा दुचाकी गहाण पडते, हातावर सुयांच्या खुणा दिसतात, साध्या प्रश्नावर संताप येतो. यांतील एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. अनेक खुणा एकत्र दिसल्या तर आरोप न करता शांतपणे विचारण्याची वेळ आली आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

या प्रश्नाची कायदेशीर बाजू बहुतेक पालकांना आणि शिक्षकांनाही नीट ठाऊक नसते. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा उत्पादक आणि विक्रेत्यांसाठी अतिशय कडक आहे. व्यापारी प्रमाणातील साठ्यासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. सेवन हाही गुन्हा आहे आणि पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मात्र याच कायद्याच्या ६४-अ कलमात एक दार उघडे ठेवले आहे. सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. अठरा वर्षांखालील मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले याच वयाची असतात. पोलिसांच्या भीतीने आजार लपवणाऱ्या कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचणे हेही प्रतिबंधाचेच काम आहे.

प्रतिबंधाच्या नावाखाली आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या गोष्टी सर्वांत कमी उपयोगाच्या आहेत. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी जगभरच्या संशोधनाच्या आधारे काढलेल्या मार्गदर्शक मानकांत हे स्पष्ट दिसते. भीतिदायक चित्रे, एकवेळचे भाषण, केवळ माहिती देणारी पत्रके आणि अचानक घेतलेल्या चाचण्या यांनी सेवन घटल्याचा पुरावा मिळत नाही. उपयोगी ठरते ते नकार देण्याचा, ताण हाताळण्याचा आणि मदत मागण्याचा प्रत्यक्ष सराव, पालकांचे मुलांशी टिकलेले नाते, कडक आणि समंजस संस्थात्मक धोरण, आणि मोकळ्या वेळेला मिळालेला अर्थ. आइसलँडमध्ये नव्वदच्या दशकाअखेरपासून मुलांचा मोकळा वेळ खेळ, संगीत व कलांनी भरण्यावर आणि पालकांना मुलांबरोबर वेळ घालवायला लावण्यावर भर दिला गेला. तेथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी महिनाभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. गांजा घेऊन पाहिलेल्यांचे प्रमाण १७ वरून ७ टक्क्यांवर उतरले.

कोल्हापुराला यासाठी सर्वस्वी नवे काही उभारावे लागणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहांची चळवळ उभी केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग अशा संस्थांमुळे हे शहर विद्यार्थी वसतिगृहांचे माहेरघर ठरले. गावाकडच्या मुलाला येथे छप्पर, जेवण आणि लक्ष ठेवणारे वडीलधारे माणूस एकत्र मिळत होते. आज कॉट बेसिसच्या खोलीत छप्पर मिळते, जेवण मेसमध्ये मिळते, लक्ष ठेवणारे माणूस मात्र कुठेच मिळत नाही. ते परत आणणे शक्य आहे. खोलीमालक, मेसचालक आणि महाविद्यालय यांच्यात संपर्काची यादी असावी, बाहेर राहणाऱ्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक नेमलेला असावा, आणि महिन्यातून एकदा तरी त्याने त्यांना भेटावे. सलग गैरहजेरीची दखल सत्राच्या शेवटी दंड लावण्यासाठी न घेता त्याच आठवड्यात फोन करण्यासाठी घ्यावी.

दुसरी शक्ती तालमींची. १९१२ मध्ये बांधून झालेल्या खासबाग मैदानापासून मोतीबाग आणि गंगावेस तालमींपर्यंत येथे कुस्तीची परंपरा आहे, आणि पेठापेठांतील तालीम मंडळांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियम भरवून दाखवतात. वस्ताद पठ्ठ्याचा खुराक, झोप आणि संगत यांवर नजर ठेवतो. नव्या जिममध्ये ही नजर नसते, तेथे सल्ला देणारा विक्रेता असतो. तालीम मंडळांनी आणि जिमचालकांनी इंजेक्शनमुक्त व्यायामाची जाहीर शपथ घेतली, औषध विक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याचा नियम एकमेकांवर लक्ष ठेवून पाळला, तर या जिल्ह्यातील सर्वांत धोकादायक पुरवठा मोठ्या प्रमाणात आटेल. २६ जून हा शाहू जयंतीचा दिवस जागतिक अमली पदार्थविरोधी दिनही आहे. त्या दिवशीच्या फेऱ्या आणि शपथा वर्षभराच्या कामाची सुरुवात ठरल्या तरच त्यांना मोल आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, प्रशिक्षित झालेले सहविद्यार्थी आणि पूर्णवेळ समुपदेशक हे त्या कामाचे हातपाय आहेत.

पालकांचा वाटा पैशांचा हिशेब मागण्यापुरता नाही. आठवड्यातून एकदा गुणांव्यतिरिक्त दुसऱ्या विषयावर मुलाशी बोलणे, खोलीवर अधूनमधून जाणे, त्याच्या चार मित्रांची नावे माहीत असणे, आणि नापास झालास तरी घरी ये, हे त्याला आधीच सांगून ठेवणे, यांचा उपयोग धाकापेक्षा अधिक होतो. घरात स्वतः तंबाखू किंवा दारू घेणाऱ्याचा उपदेश मुलगा मनावर घेत नाही, याचाही विचार व्हावा.

व्यसन जडल्यावर मात्र उपदेश थांबवून उपचार सुरू करावे लागतात. अवलंबन हा मेंदूचा आणि मनाचा आजार आहे; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मनोविकारांत केला आहे. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्र नोंदणीकृत आहे का, तेथे मानसोपचारतज्ज्ञ आहे का, मारहाण किंवा साखळदंड तर नाहीत ना, हे पाहण्याचा कुटुंबाला हक्क आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. गांजा आणि एमडीसाठी ठरलेली एखादी गोळी नाही. तेथे समुपदेशन, दिनक्रम आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भिस्त असते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयातून या वाटेची सुरुवात करता येते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले ‘परिवर्तन’ आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) आहारी गेलेल्या तरुणांवर केलेल्या लेखनातून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळातून ते उभे राहिले, आणि तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र विभागही आहे. फोनवरून सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे.

उपचारानंतर पुन्हा घसरण होणे सामान्य आहे. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी औषध सोडत नाही. येथेही घसरल्यानंतर पुन्हा उपचार सुरू करायचे असतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत उपचारांचा शेवट शिक्षणाकडे परतण्यात व्हावा लागतो. सेवन आढळले की नाव कमी करणारे महाविद्यालय स्वतःचा परिसर स्वच्छ करते, पण तो मुलगा त्याच रस्त्यावर, त्याच संगतीत, आता बिनकामाचा म्हणून सोडला जातो. विकणाऱ्याविरुद्ध तक्रार आणि सेवन करणाऱ्यासाठी उपचार, असा फरक संस्थेच्या लेखी धोरणात हवा. उपचारांच्या काळात वर्ष राखून ठेवणे, गोपनीयता पाळणे, परत आल्यावर एक शिक्षक आणि एक मित्र त्याच्या सोबत देणे, राहिलेले विषय पूर्ण करण्याची संधी देणे, या सोयी कोणत्याही महाविद्यालयाला आपल्या अखत्यारीत करता येतात. त्या आधीच जाहीर असतील तर आजार लपवण्याचे कारण उरत नाही आणि मदत वेळेत मागितली जाते.